सरपण विकत घेताना आपण पाणी विकत घेतो

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या ग्रामीण पुरवणीत काही दिवसांपूर्वी जळाऊ लाकडांच्या उष्मांकांचा एक तक्ता प्रसिद्ध झाला होता. बाभूळ, धावडा, चिंच, निलगिरी, सुबाभूळ, शिरीष अशी झाडांची नावे, त्यांच्यासमोर दर किलोला मिळणाऱ्या उष्णतेचे आकडे आणि ज्याचा आकडा मोठा ते लाकूड चुलीला उत्तम, असा निष्कर्ष, असे त्याचे स्वरूप होते. आकड्यांविषयी माझी तक्रार नाही. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि तो लोकांच्या डोक्यात तसाच बसला तर ज्यांना आजही सरपणावर स्वयंपाक करावा लागतो त्यांच्या पैशाचे, आणि आमच्या भागात उरलेल्या थोड्याफार रानाचेही, नुकसान होईल असे मला मनापासून वाटते. म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

मी संगमेश्वर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत असे. त्यातली बारा वर्षे शाळेला जोडलेल्या मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघराची जबाबदारी माझ्याकडे होती. सुमारे 80 मुली, दोन वेळचे जेवण, सकाळचा चहा-नाश्ता आणि थंडीत आंघोळीचे पाणी, एवढे सगळे दोन मोठ्या चुलींवर होत असे. माझे माहेर सांगोल्याकडचे, म्हणजे बाभळीच्या मुलखातले. सासर ऐन, किंजळ या झाडांच्या मुलखातले. दोन्हीकडच्या चुली मी स्वतः फुंकलेल्या आहेत, त्यामुळे या विषयात मला केवळ पुस्तकी रस आहे असे कृपया समजू नये.

तक्त्यातले आकडे कसे मिळवले जातात ते आधी सांगितले पाहिजे. लाकडाचा भुगा करून त्याचा थोडा नमुना पोलादी भांड्यात ठेवतात, भांड्यात दाबाखाली प्राणवायू भरतात, ते पाण्यात बुडवतात आणि आतला नमुना पेटवतात. पाण्याचे तापमान किती चढले त्यावरून उष्णता काढतात आणि तिचा हिशेब लाकडाच्या पूर्ण कोरड्या वजनावर मांडतात. देहराडूनच्या वन संशोधन संस्थेत 1930 च्या दशकातच आपल्याकडील अनेक लाकडांची अशी मोजणी झालेली आहे. बाभळीला किलोमागे 4800 ते 4950 किलोकॅलरी, धावड्याला 4900 च्या आसपास, चिंचेला 4850, निलगिरीला 4800, सुबाभळीला 4200 ते 4600, शिरीषाला 5200 पर्यंत, असे आकडे छापलेले आढळतात. ते खरे आहेत, परंतु ते अशा लाकडाचे आहेत ज्यात पाण्याचा थेंब नाही, ज्याला हवा भरपूर मिळते आहे आणि ज्याच्या धुरातली वाफसुद्धा पुन्हा पाणी होऊन आपली उष्णता परत देते आहे. आपल्या चुलीत यांतले काहीच घडत नाही. लाकडात मुळातच हायड्रोजन असतो, त्यामुळे अगदी कोरडे लाकूड जळतानाही पाण्याची वाफ तयार होते आणि ती धुराबरोबर निघून जाते; एवढ्यानेच किलोमागे सुमारे 300 किलोकॅलरी वजा होतात. म्हणजे 4700 चा आकडा चुलीपुरता 4400 च समजायचा.

आता हे आकडे एकमेकांच्या इतके जवळ का, हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि खरे महत्त्व त्यालाच आहे. झाड कोणतेही असो, त्याचे लाकूड मुख्यतः सेल्युलोज, त्याच्या जातकुळीतले इतर काही पदार्थ आणि लिग्निन यांचे बनलेले असते. सेल्युलोज किलोला 4100 च्या थोडी वर किलोकॅलरी देते, लिग्निन 6000 च्या पुढे. लिग्निनचा वाटा एखाद्या लाकडात थोडा जास्त, एखाद्यात थोडा कमी, एवढाच काय तो फरक. हिमालयातल्या चिडीसारख्या झाडात राळ असते आणि राळेमुळे आकडा वर जातो, परंतु तिची काजळीही तितकीच धरते. आपल्या रानातल्या झाडांपुरते बोलायचे तर पूर्ण वाळलेले एक किलो ऐन आणि पूर्ण वाळलेले एक किलो आंबा यांच्या उष्णतेत चुलीवर जाणवेल असा फरक नसतो. हे मी वर्गात शिकवत होते, पण त्यावर माझा खरा विश्वास बसला तो वसतिगृहात एका आषाढात आलेल्या लाकडाच्या गाडीमुळे.

त्या वर्षी सरपणाची मंजुरी उशिरा मिळाली. वखारवाल्याने पावसाच्या तोंडावर दोन टन लाकूड आणून टाकले. वजनकाट्याची पावती व्यवस्थित होती, लाकूडही ऐन आणि किंजळ असे ‘चांगल्या जातीचे’ होते, म्हणून मी आनंदाने सही केली. दुसऱ्या दिवशी पहाटे चूल पेटेना. घासलेटचा बोळा घातला तर तो जळेपर्यंत जाळ, नंतर नुसता धूर. ओंडक्याच्या मागच्या टोकातून फसफसत फेस येत होता आणि तो चुलीच्या काठावरून खाली ओघळत होता. स्वयंपाकाच्या मावशींनी डोळे पुसत पुसत त्या फेसाकडे बोट दाखवले आणि म्हणाल्या, “बाई, आपण लाकडं नाही, पाणी विकत घेतलंय.” त्यांनी शाळेची पायरी चढलेली नव्हती, पण तक्ता छापणाऱ्यांनी जे लक्षात घेतले नाही ते त्यांनी एका वाक्यात सांगितले होते.

त्या लाकडाची एक चकती कापून मी प्रयोगशाळेतल्या भट्टीत 105 अंशांवर वाळवली. वजन घटायचे थांबले तेव्हा मूळ वजनाच्या शेकडा 45 भाग उडून गेलेला होता. म्हणजे आम्ही ज्या 2000 किलोंचे पैसे मोजले त्यांत 900 किलो पाणी होते. चांगले वाळलेले लाकूड घेतले असते तर त्यात फार तर शेकडा 20 पाणी असते, म्हणजे 2000 किलोंत 1600 किलो लाकूड पदरात पडले असते. प्रत्यक्षात पडले 1100 किलो. उष्णतेच्या भाषेत सांगायचे तर शेकडा 20 ओलीचे लाकूड किलोला सुमारे 3400 किलोकॅलरी देऊ शकते, शेकडा 45 ओलीचे जेमतेम 2150 ते 2200, आणि ज्यात निम्मे पाणी आहे असे ताजे तोडलेले लाकूड 1900 च्या आसपास. तक्त्यातल्या सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्याच्या लाकडातले अंतर पाचव्या-चौथ्या हिश्शाचे आहे. ओल्या आणि सुक्या लाकडातले अंतर जवळजवळ दुपटीचे आहे. यातले काय तपासून घ्यायला हवे हे वेगळे सांगायला नको, तरीही आपण विचारतो ते “लाकूड कशाचं आहे?” एवढेच.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो माझाही होता. ओल्या लाकडातले पाणी उकळून वाफ करण्यातच सगळी उष्णता संपते असे सर्रास सांगितले जाते. हिशेब तसे सांगत नाही. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण 600 किलोकॅलरी लागतात. आमच्या एक किलो लाकडात 450 ग्रॅम पाणी होते, म्हणजे वाफेवर गेल्या सुमारे 270 किलोकॅलरी. उरलेल्या 550 ग्रॅम लाकडात 2400 पेक्षा अधिक होत्या. तोटा झाला, पण तो नवव्या हिश्शाचा. मग चूल का पेटत नव्हती? कारण लाकूड जळते ते आधी वायू होऊन. कोरड्या लाकडाच्या वजनाचा तीन-चतुर्थांशाहून मोठा भाग तापल्यावर वायुरूपाने बाहेर पडतो आणि ज्वाळा म्हणून आपण जी पाहतो ती त्या वायूची. त्याला पेट घ्यायला चुलीच्या तोंडाशी पुरेशी धग लागते. पाणी उडत असेपर्यंत लाकडाचा तो भाग शंभर अंशांच्या फारसा वर जाऊ शकत नाही, शिवाय सुटणारी वाफ भोवतालची धगही खाली आणते, आणि मग हा जळाऊ वायू न पेटताच धूर होऊन छपराच्या कौलांतून निघून जातो. धूर म्हणजे न जळलेले सरपण. वजनकाट्यावर आपण पैसे देऊन घेतलेले सरपणच डोळ्यांत, छातीत आणि भिंतीवरच्या काजळीत जाते.

हे किती जाते ते पाहावे म्हणून नंतर सवडीने मी एक साधा प्रयोग केला. एकच चूल, एकच ॲल्युमिनियमचे पातेले, 20 लिटर विहिरीचे पाणी, आणि ताणकाट्यावर मोजलेले लाकूड. आदल्या वर्षीचे, पडवीत थप्पी लावून ठेवलेले ऐनाचे सुके लाकूड 2 किलो 800 ग्रॅम जळले तेव्हा पाण्याला उकळी आली. गाडीतले ओले ऐन घेतले तेव्हा त्याच पाण्याला सुमारे 6 किलो लागले आणि वेळ दुपटीहून अधिक लागला. नुसत्या पाण्याच्या हिशेबाने साडेचार किलोंत भागायला हवे होते. उरलेले दीड किलो धुरात गेले. दोन वेळा करून पाहिले, उत्तर तेच आले. मग त्याच चुलीवर सुका आंबा लावला. त्याला ऐनापेक्षा 100-150 ग्रॅमसुद्धा जास्त लागले नाहीत. मात्र आंब्याची लाकडे मावशींना अधिक वेळा पुढे सारावी लागली आणि शेवटी चुलीत निखारे कमी राहिले, हेही मी त्याच वहीत लिहून ठेवलेले आहे, कारण जातीचा फरक असतो तो येथे.

जातीचा फरक वजनात असतो, घनतेत असतो. वाळलेल्या खैराचे एक घनफूट लाकूड 27-28 किलो भरते, बाभळीचे 22 च्या आसपास, आंब्याचे 18, आणि सावरीचे 10 किलोंच्या थोडे पुढे. किलोमागची उष्णता सारखीच म्हटली तरी हातात मावणाऱ्या एका ढलपीत खैराकडे सावरीच्या अडीचपट जळण असते. त्यामुळे खैर, धावडा, बाभूळ, चिंच यांचा जाळ संथ, निखारा टिकाऊ. सावर, पांगारा, शेवगा यांचा भडका उडतो आणि पाहता पाहता राख होते. माझ्या माहेरी भाकरी तव्यावरून काढून आरावर उभी करून फुगवीत, आणि त्यासाठी बाभळीचाच आर हवा असे आई म्हणायची. ती बरोबर होती. चहा-दुधाला किंवा फोडणीला मात्र तिला पऱ्हाट्या आणि तुराट्या पुरत. कोकणात हेच काम माडाची चुडते (झावळ्या) आणि सोडणे (नारळाच्या सालीचा काथ्या) करतात, आणि करवंट्या तर कोणत्याही लाकडाच्या तोडीची धग देतात. कुठल्या कामाला कुठले जळण हे आपल्या बायकांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. एका आकड्याने सगळी लाकडे वर-खाली लावणाऱ्या तक्त्यात हे ज्ञान मावत नाही.

या घनतेवरून विकत घेणाऱ्याने लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की मापावर घ्याल तर जात पाहा आणि वजनावर घ्याल तर ओल पाहा. मोळी डोईवरून दारात येते, तिचा भाव नजरेने ठरतो, तेथे भरीव जातीची मोळी नक्कीच फायद्याची. वखारीत मात्र लाकूड किलोवर किंवा क्विंटलवर मिळते. तेथे भारी जातीसाठी जादा पैसे मोजणे म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे देणे, कारण भारीपणाची किंमत काट्याने आधीच वसूल केलेली असते. आणि ज्या काट्यावर पाणी लाकडाच्या भावाने विकले जाते, तेथे विक्रेत्याला लाकूड वाळवण्यात कसलाच लाभ नाही. उलट, सहा महिने थप्पी लावून ठेवली तर जागा अडते, भांडवल अडकते आणि वर वजन घटते. आमच्या वखारवाल्याने लबाडी केली असे मी म्हणणार नाही. सध्याच्या पद्धतीत कोरडे लाकूड देणाराच तोट्यात जातो, ही खरी अडचण आहे.

किती वजन घटते याचे एक उदाहरण देते. त्या प्रसंगानंतरच्या दिवाळीत मी बाभळीची एक चिरलेली फाळ, माहेराहून आलेल्या टेम्पोतली, खूण करून बाजूला ठेवली. त्या दिवशी ती 4 किलो 200 ग्रॅम होती. महिन्यातून एकदा तिचे वजन करण्याचे काम आठवीतल्या मुलींनी हौसेने अंगावर घेतले. संक्रांतीपर्यंत वजन झपाट्याने उतरले, मग हळू, आणि अक्षय्य तृतीयेला ती 2 किलो 900 ग्रॅमवर स्थिरावली. टोकाला चिरा पडल्या होत्या, साल हाताने सुटत होती, आणि दुसऱ्या फाळीवर आपटली की थप्प असा बद्द आवाज येण्याऐवजी टणक आवाज येत होता. एका मुलीने विचारले, “बाई, मग हिची ताकद कमी झाली का?” तिला आम्ही हिशेब करून दाखवला: फाळीतले लाकूड होते तेवढेच राहिले, गेले ते 1 किलो 300 ग्रॅम पाणी, आणि चुलीत ती फाळ दिवाळीपेक्षा आता थोडी जास्तच उष्णता देईल. वजन घटले की ऐवज घटला, हा समज मोठ्या माणसांतही किती घट्ट आहे हे मला त्यानंतर लेखापरीक्षणाच्या वेळी कळले. साठा नोंदवहीत ‘वाळवणीची घट’ असा रकाना नव्हता, आणि कोठीतले लाकूड पावतीपेक्षा काही क्विंटल कमी कसे, याचा लेखी खुलासा मला द्यावा लागला. लाकूड वाळवणाऱ्या माणसाला जेथे खुलासा द्यावा लागतो तेथे लाकूड ओलेच जळत राहणार.

कोकणात पावसाळ्याच्या चार महिन्यांत लाकूड कोरडे राहूच शकत नाही, मग वाळवून काय उपयोग, असे अनेकजण म्हणतात. हे अर्धसत्य आहे. वाळलेले लाकूड दमट हवेतून ओल ओढून घेते हे खरे, पण छपराखाली असेल तर आषाढ-श्रावणातही ती शेकडा पंधरा-वीसच्या वर सहसा जात नाही. सांगोल्याच्या उन्हाळ्यात तेच लाकूड शेकडा दहाच्या आत येते, एवढाच दोन मुलखांतला फरक. जिवंत झाडातले पाणी वेगळे. ते एकदा गेले की नुसत्या हवेतून परत येत नाही. पावसाची झड लागून भिजलेले सुके लाकूडही वरवर भिजते आणि चुलीशेजारी दोन दिवसांत पुन्हा जळण्याजोगे होते. आमच्याकडे जुन्या घरांत चुलीवर माळा असे, त्यावर पुढच्या आठवड्याचे सरपण चढवून ठेवीत, ते उगाच नव्हे. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरच्या, बेगमीत मीठ-मिरचीइतकाच सरपणाला मान होता आणि ती बेगमी वैशाखात पुरी होत असे.

वाळण्याचे गमक चिरण्यात आहे. झाडात पाणी मुळापासून शेंड्याकडे चढते ते तंतूंच्या वाटेने, आणि तोडल्यावरही ते बाहेर पडते मुख्यतः त्याच वाटेने, कापलेल्या टोकांतून. साल त्याला अडवते. त्यामुळे चार फुटी गोल ओंडका वर्षभर उन्हात पडला तरी गाभ्यात ओला राहू शकतो, आणि तोच दीड फुटाचे तुकडे करून, पाचर मारून मनगटाएवढ्या फाळींत चिरला तर कार्तिक ते वैशाख या एका मोसमात नीट वाळतो. चिरण्याची मजुरी वाचवण्यासाठी वसतिगृहे आणि भटारखाने गोल ओंडकेच घेतात. ती मजुरी नंतर दुप्पट लाकडाच्या रूपाने भरावी लागते.

सरपणाची ही चर्चा गॅसच्या काळात कशाला, असेही कोणी विचारील. उज्ज्वला योजना 2016 मध्ये सुरू झाली, सिलिंडर वाड्यावस्त्यांपर्यंत पोचले, याचे मला समाधान आहे, आणि परवडत असेल त्याने गॅसच वापरावा असेच मी सांगते. परंतु आमच्या वाड्यांवर आजही चहा गॅसवर आणि भात, आंघोळीचे पाणी, गुरांचे आंबोण चुलीवर, अशी वाटणी आहे. 14.2 किलोच्या सिलिंडरात सुमारे दीड लाख किलोकॅलरी असतात आणि शेगडीवर त्यांतल्या साठ टक्क्यांहून अधिक भांड्याला लागतात. साध्या चुलीवर दहा ते पंधरा टक्केच लागतात. या हिशेबाने एका सिलिंडरचे काम करायला सुके लाकूडही दोनशे किलोंच्या पुढेमागे लागते. ओले असेल तर किती, हे वरच्या प्रयोगावरून वाचकांनीच ताडावे. सुधारित चुलींवर आपल्याकडे पुष्कळ काम झाले आहे. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली, चुलींवर आणि उसाच्या पाचटापासून कोळसा करण्यावर केलेले काम तर परदेशातही वाखाणले गेले. पण चांगल्यात चांगल्या चुलीतही ओले लाकूड घातले की ती धुरतेच, आणि मग बायका म्हणतात, सरकारी चूल बिनकामाची. अशा दोन चुली मी मोडून टाकलेल्या पाहिल्या आहेत. दोष चुलीत नव्हता.

आता रानाविषयी. किलोमागचा मोठा आकडा म्हणजे चांगले लाकूड, हे समीकरण रूढ झाले की मागणी वळते ती संथ वाढणाऱ्या भरीव झाडांकडे. ऐन, किंजळ, खैर ही आमच्याकडची तशी झाडे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत ती आहेत, त्यांना परवानगीशिवाय हात लावता येत नाही. तरीही खाजगी रानांतून भरलेले ट्रक घाट चढताना दिसतात. उलट, सुबाभूळ तक्त्यात तळाशी आहे म्हणून तिला कमी लेखायचे कारण नाही. उरुळीकांचनच्या ‘बाएफ’ या ग्रामविकास संस्थेने, तिचे संस्थापक मणिभाई देसाई यांच्या काळात, सुबाभळीचा प्रसार केला तो किलोमागच्या आकड्यासाठी नव्हे, ती चार-पाच वर्षांत तोडायला येते, बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतात आणि पाला शेळ्यांना होतो म्हणून. एका एकरातून दर वर्षी किती जळण निघते हे माप लावले तर तक्त्याचा क्रम पार उलटा होईल. तिचे बी शेजारच्या शेतात पसरते ही शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे, आणि बांधावर लावणाऱ्याने शेंगा धरण्याआधी ती छाटलीच पाहिजे. पण चाळीस वर्षांचा ऐन तोडून ओलाच जाळण्यापेक्षा चार वर्षांची सुबाभूळ सहा महिने वाळवून जाळली तर चुलीला कमी पडत नाही, हे मी बारा वर्षांच्या अनुभवाने सांगते.

माझी मागणी शासकीय आणि अनुदानित संस्थांच्या खरेदीपुरती आहे, कारण तेथे सार्वजनिक पैसा खर्च होतो. वसतिगृहे, आश्रमशाळा, जेथे अजून चुलीवर शिजते त्या शाळांची पोषण आहाराची स्वयंपाकघरे आणि स्मशानभूमींसाठी लाकूड घेणाऱ्या ग्रामपंचायती यांच्या दरपत्रकांत लाकडाची जात, लांबी आणि जाडी लिहिलेली असते, ओल लिहिलेली नसते. ती लिहावी. एकूण वजनाच्या शेकडा 20 पेक्षा अधिक ओल असेल तर जादा पाण्याचे वजन वजा करून देयक द्यावे. ‘एकूण वजनाच्या’ हे शब्द त्यात असलेच पाहिजेत, कारण ओल मोजण्याच्या दोन पद्धती आहेत: एका किलो कोरड्या लाकडाबरोबर एक किलो पाणी असेल तर एका पद्धतीने ओल शेकडा 50 भरते आणि दुसरीने, कोरड्या वजनाशी तुलना केली तर, शेकडा 100. लाकडी सामानाच्या धंद्यात दुसरी पद्धत चालते आणि दोन टोके टोचून ओल दाखवणारी बाजारातली छोटी यंत्रे बहुधा तीच दाखवतात. पद्धत न लिहिलेली अट वादालाच कारण होईल. यंत्र नसेल तेथे जवळच्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेतली भट्टी आणि तराजू पुरेसा आहे. गाडीतल्या पाच-सहा ओंडक्यांच्या मधोमध कापलेल्या चकत्या घ्याव्यात, टोकाच्या नव्हेत, कारण टोके नेहमीच आतल्यापेक्षा कोरडी असतात. त्याचबरोबर साठा नोंदवहीत वाळवणीच्या घटीचा रकाना घालावा, म्हणजे वेळेत लाकूड घेऊन वाळवणाऱ्या गृहप्रमुखांना खुलासे लिहावे लागणार नाहीत.

आणि सर्वांत महत्त्वाचे, सरपणाची मंजुरी शाळा उघडल्यावर, जूनमध्ये, देऊ नये. त्या वेळी कोकणात कोरडे लाकूड मिळतच नाही. मिळते ते मेमध्ये घाईने तोडलेले. ती मंजुरी दिवाळीच्या आसपास मिळाली, लाकूड मार्गशीर्षात येऊन पडले आणि चिरून थप्पीला लागले, तर जेव्हा मुली जूनमध्ये वसतिगृहात परततील तेव्हा त्याच पैशात त्यांना पुढच्या संक्रांतीपर्यंत पुरेल इतके जळण पडवीत तयार असेल.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
संगमेश्वर तालुका, जि. रत्नागिरी